डबीतला कापूस

लिलाँग्वे, मलावी

आई,

तुला आणि पप्पांना सोनमचा जय भीम. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. इथला मक्याचा गोळा तुझी कांदा-लसूण चटणी लावून खाते, हसू नकोस.

दवाखाना सुरू आहे. फक्त एचआयव्हीची औषधं यायची बंद झालीत. दूरच्या एका देशात सरकार बदललं, त्यांनी मदत थांबवली. परवा तिकडचेच साहेब आले. म्हणाले, "डॉक्टर, मोकळेपणानं बोला." मी बोलले. मतं तुमच्याकडं पडली आणि मरतायत इथल्या बायका, असं तोंडावर सांगितलं. त्यांनी मान डोलावली, चहा घेतला, गेले. मला राग यायला हवा होता. आला नाही.

तू टीबीच्या गोळ्या चटणीच्या डब्यात लपवायचीस, आठवतं? "शेजारणींना कळलं तर नळाला हात लावू द्यायच्या न्हाईत," म्हणायचीस. इथल्या बायका गोळ्यांच्या डबीत कापूस कोंबतात. मग पिशवीत गोळ्या वाजत नाहीत आणि सासूला कळत नाही.

पप्पांचा गुडघा कसा आहे? राजारामपुरीतल्या डॉक्टरांना दाखवलंत का? प्रसेनजीतला म्हणावं, ताईनं सांगितलंय, शिरोलीला कामावर जाताना हेल्मेट घाल.

आज एक बाई आली. औषध नाही म्हटल्यावर तिनं डबी तेवढी पुढं सरकवली. मी झाकण उघडलं. आत एकही गोळी नव्हती. नव्या गोळ्यांसाठी ती नवा कापूस घालून आली होती.

मी झाकण लावून डबी परत दिली.

जपून राहा.

तुझी,
सोनम