निवलेल्या भाताला वारा

प्रिय दादा,

परवा मृतांच्या सणाला तुझ्या कबरीवर मेणबत्ती लावत होते. मागे दोन बायका कुजबुजल्या, "ह्योच तो केंडवाला. सोता मेला, आन चौघांना संगं नेनार व्हता." मी वळले तशी दोघींनी घाईघाईने कपाळावर क्रूस केला. भांडायला तोंड उघडलं होतं, पण फादर पवित्र पाणी शिंपडत जवळ आले आणि मी सगळं गिळलं. काल मात्र चुलीपाशी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ती तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसले.

तू जपानहून, त्या कोबे बंदरातून आलास तो दिवस आठवतो? स्वराज्य आलं त्या वर्षी बोटीवर स्वयंपाकी म्हणून गेलास. लोक परत येताना घड्याळं आणतात, रेशीम आणतात. तू काय आणलंस? एक सुरी! आणि एक हकिकत, जी आपल्या पाचूबंदरात कुणालाच खरी वाटेना. कोबेला बंदरामागच्या गल्लीत एका म्हाताऱ्याचं दुकान होतं म्हणे, आपल्या ओटीएवढं. दाराला कापडाचा पडदा, आत एक लांब फळी. फळीच्या अलीकडे गिऱ्हाईक, पलीकडे म्हातारा. तो आंबूस भाताचा मुटका करायचा, वर कच्च्या माशाचं काप ठेवायचा आणि पुढ्यात सरकवायचा. बोट बंदरात असली की तुझं जेवण तिथेच.

"कच्चा?" आई ओरडली होती. "तू काय मांजर हायस?"

पण तू ऐकणारा कुठला! ओटीवर होडीची जुनी फळी मांडलीस. दारूबंदीचे दिवस, ताडीची मारामार, आणि तू आईने लपवलेल्या बरणीतला ताडीचा शिरका सरळ भातात ओतलास. मग सूप घेऊन त्या भाताला वारा घालत बसलास. गावाने लगेच नाव ठेवलं, मांजराचं हॉटेल. कच्चं कुणी खाईना, म्हणून तू सुरमईचं काप निखाऱ्यावर जेमतेम शेकायला लागलास. मग हळूहळू माणसं येऊ लागली. सांतान तांडेल तर होडीवरून उतरला की घरी जायच्या आधी फळीवर येऊन बसायचा. त्याची बायको आपल्या सगळ्या घराला शिव्या घालायची.

आपल्या घरात रांधणारा शेवटी जेवतो. पाहुणा, पोरं, म्हातारी माणसं, सगळी उठली की मग तो. आईने हा दंडक कधी मोडला नाही आणि तूही नाही. लोक पोटभर खाऊन गेले की तू खरवड आणि शेपटीकडची कापं घेऊन बसायचास. किती चिडवायचे मी तुला!

आणि मग तो दिवस आला. त्या दुपारी सांतानच्या जाळ्यात केंड सापडला होता. आपल्याकडे हा विषारी मासा जाळ्यात फुगलेला दिसला की वाळूवर फेकून देतात. सांतानने तो शेपटीला धरून तुझ्यापुढे नाचवला.

"काय रं, तुझ्या कोबेत ह्यो खातान ना? मंग आज आमाला खिलव. का निसत्याच बाता?"

सांतान धरून फळीवरचे चौघेही हसले. दादा, कोबेला केंडाची मेजवानी करतात हे तू त्यांना सांगितलंसच कशाला?

आई आतून म्हणाली, "फेक तो. कावला पन चोच लावत नाय त्याला."

"तू गप बस गं! तो म्हातारा कसा साफ करतो, ता मी पायलंय."

पाहणं आणि करणं यात काही फरक असतो की नाही? त्याचा जन्म गेला होता त्या कामात. तू दारात उभा राहून बघितलं होतंस! आणि आईशी असं बोललास. तुझं तिच्याशी तेवढंच शेवटचं बोलणं झालं.

तू केंड सोलून पुन्हा पुन्हा धुतलास. कागदासारखी पातळ कापं केलीस. आणि एक काप उचलून सगळ्यांच्या आधी स्वतःच्या तोंडात टाकलंस. आई बघतच राहिली. मग तू सूप घेतलंस आणि भाताला वारा घालायला लागलास.

"आरं, वाढ ना!" सांतानने घाई केली.

"भात गरम हाय. थांब."

मला वाटलं, मिजास दाखवतोयस. सांतानची एक विडी संपली, दुसरी संपली. तुझं सूप थांबेना. मध्येच तू बोटाने ओठ चाचपलास. पुन्हा चाचपलास. तेवढ्यात सांतानने ताटलीकडे हात नेला, आणि तू हातातलं सूप फाडकन त्याच्या मनगटावर मारलंस. ताटली जमिनीवर पालथी झाली.

"नको! कोनी हात लावू नका!"

त्यानंतर तुझी जीभ जड झाली. मग हात गेले, पाय गेले. डॉक्टर आले आणि म्हणाले, याला सगळं ऐकू येतंय, पण माझ्यापाशी औषध नाही. आई उशाशी बसून "बोल रं, बोल माज्याशी" म्हणत राहिली आणि तू उघड्या डोळ्यांनी नुसता तिच्याकडे पाहत होतास. फादर शेवटचं तेल लावून गेले. दिवेलागणीला तुझी छाती हलायची थांबली.

आई त्यातून उठली नाही. फळी भिंतीला लागली. आपल्या घरचं पाणी प्यायलाही लोक कचरायला लागले.

काल तुझ्यानंतर पहिल्यांदा मी तुझ्यासारखा शिरक्याचा भात केला. तेच सूप घेतलं. रोझरीचे दहा नमो मरिया म्हणून होतात न होतात तोच भात निवला. इतक्या लवकर! मी सूप हातात धरून तशीच बसले. दादा, त्या दिवशी भात केव्हाच निवला होता. तू वारा भाताला घालत नव्हतास. तुला काही होतंय का, याची वाट पाहत होतास. आणि तोवर त्या चौघांना थोपवून धरलं होतंस.

म्हणजे तुला खात्री नव्हती. मग "मला नाही येत" म्हणायला काय झालं होतं रे? चार माणसं हसली असती आणि उद्या विसरली असती! आईसाठी तरी म्हणायचंस! मला तुझा राग येतो. खूप राग येतो.

आज सकाळी सांतानला जाऊन हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ मनगट चोळत राहिला.

"त्यानं सूप मारला तवा मना वाटला, चारचौघांत माजा अपमान केला," तो म्हणाला. मग डोळे पुसत उठला. "फली मांड, बाय. मी येतंव जेवाला."

तेव्हा उद्या फळी मांडते आहे. केंड या दारात पुन्हा येणार नाही. आणि आईचा दंडक मी मोडणार आहे. कुणीही जेवायला बसलं की पहिला घास मी खाईन, सगळ्यांच्या देखत, आणि मगच वाढीन. ही कुठली रीत, असं कुणी विचारलं तर सांगेन, माझ्या दादाची.

आणि भाताला वारा घालीन, तो निवेपर्यंतच.

तुझी धाकटी,
आग्नेस