तळ्याचा गाळ

१० ऑक्टोबर १९९४

चि. नेवेनास अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तळं आपल्या झोपडीपासून पाचशे पावलं मागे सरलंय. ग्लिगोरकाका जाळी विकून लेकाकडे जर्मनीला निघालाय. जाण्याआधी विचारतो, पाणी परत येईल का? तळाचा गाळ नळ्यांत भरून तूच स्कोपयेच्या प्रयोगशाळेत नेलास, तेव्हा उत्तर तूच दे. आईने कॉफीच्या कपातल्या साक्यात भविष्य बघून केव्हाच हो म्हटलंय.

तुझे बाबा, नाउम


२४ ऑक्टोबर

ती. बाबांस सा. न. वि. वि.

गाळ तपासला. थराथरात त्या त्या काळचे शिंपले नि पराग आहेत. मागे दोनदा तळं असंच आटलं होतं, आणि दोन्ही वेळा पुन्हा भरलं. होडीला डांबर लावून ठेवा. आईला सांगा, तिची कॉफी पास झाली.

लोभ असावा.

नेवेना


८ नोव्हेंबर

चि. नेवेनास आशीर्वाद.

तुझं पत्र खानावळीत तीनदा वाचलं. ग्लिगोरने तिकीट फाडलं आणि सगळ्यांना राकिया पाजली, तो चिक्कू! नव्या काठाशी आम्ही बोरूचं कुंपण घातलंय. थंडीचे पाणकावळे आले; दहा पक्षी धरून, उडून जाऊ नयेत म्हणून रिवाजाप्रमाणे पंखांची पिसं कापली. आता ते मासे कुंपणात हाकतील. ग्लिगोर रोज गाळ तुडवत त्यांना चारायला जातो. म्हणतो, पोरीने म्हातारपण वाचवलं.

बाबा


२० नोव्हेंबर

ती. बाबांस सा. न.

पत्र वाचून लगेच लिहायला बसले. मी एक गोष्ट लपवली. पहिल्या वेळी पाणी परतायला तीनशे वर्षं लागली, दुसऱ्या वेळी त्याहून जास्त. आणि तेव्हा शेतांसाठी पाणी ओढणारे पंप नव्हते. तुमचं मन मोडवेना. काकांना जाऊ द्या. त्या गाळावर पाऊलही टाकू नका. वर नुसता पापुद्रा आहे, नळ्या भरताना आम्ही फळ्या टाकून चालायचो.

नेवेना


२८ नोव्हेंबर

चि. नेवेनास,

तुझं पत्र गुरुवारी आलं. त्याआधी सोमवारी ग्लिगोर छातीपर्यंत रुतला. लांबून त्याच्या शिव्या ऐकू येत होत्या, तळ्याला. तुला एकही नाही. फळ्या टाकत पोचलो तोवर थंडीने संपला होता.

त्याच्या बायकोने विचारलं, नेवेना काय लिहिते? मी म्हटलं, खुशाली. खोटं बोलणारे घरात आता दोघं झालो. रागावलो नाही असं लिहिणार होतो, पण रागावलोय.

पक्ष्यांना सोडता येत नाही, पिसं उगवायची आहेत. रोज बाजारातून मासे विकत आणतो आणि फळ्यांवरून जाऊन त्यांना चारतो.

आशीर्वाद आहेतच.

बाबा