आई जे बोलणार आहे

प्रिय मेघा,

सध्या सकाळी कालव्यावर धुकं उतरतं. पलीकडचे साग आधी पुसट होतात, मग दिसेनासेच होतात. तुझी आई आणि मी रोज तिथवर चालत जातो. ती उजवा पाय जरा ओढते, पण चालते. परवा तिनं एकदम माझी बाही धरली. कुठंतरी मोर ओरडला होता, मला तो ऐकूसुद्धा आला नव्हता. तिला नाव सांगायचं होतं. ओठ जुळले, ‘म’ अगदी जवळ आला आणि निघून गेला. आधी अशा वेळी तिचे डोळे भरायचे. परवा ती हसली, आणि आम्ही कितीतरी वेळ तसेच धुक्यात उभे राहिलो.

तिच्या मेंदूतली रक्तवाहिनी बंद झाली तेव्हा तू देहरादूनहून धावत आलीस. डॉक्टर भराभर बोलले आणि आपण दोघांनी नुसत्या माना हलवल्या. आता मला थोडं कळायला लागलंय. दर आठवड्याला आम्ही एसटीनं वर्ध्याला जातो. तिथले रत्नदीप सर तिला पुन्हा बोलायला शिकवतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मलाच कामाला लावलं. म्हणाले, “काका, गळ्यावर बोटं ठेवा आन् ‘आ’ म्हणा.” बोटांखाली भुंगा अडकल्यासारखं वाटलं. छातीतली हवा वर येते, गळ्यातल्या दोन पट्ट्या थरथरतात, आणि त्या गुणगुणण्याला जीभ, टाळू, ओठ आकार देतात. मग ती थरथर हवेतून लाटांसारखी पसरत दुसऱ्याच्या कानापर्यंत जाते. पडदा हलतो, तीन इवलीशी हाडं हलतात, आणि आत गोगलगाईच्या शंखासारख्या नळीतल्या पाण्यात बारीक केसांसारखे तंतू डोलू लागतात. तिथून नस त्याचा संदेश मेंदूकडे नेते. आयुष्यभर मी कालव्याचं पाणी सोडलं, पण माझ्या कानात पाणी आहे हे मला साठी उलटल्यावर कळलं.

आईचं हे सगळं शाबूत आहे. आपण बोलतो ते तिला समजतं. डाव्या बाजूला, कपाळाच्या मागं, शब्द तोंडात कसा आणायचा हे जुळवणारी जागा आहे, तिथं इजा झाली. सर म्हणाले, “शब्द काकूंपाशीच आहे, काका. बाहेर यायची वाट मोडली आहे.” आता एखाददुसरा शब्द येतो, पण त्याला चढउतार नसतो. अंगणवाडीत ती “या रे बाबू” म्हणायची तेव्हा त्या तीन शब्दांवर पोरं झुलत यायची, आठवतं ना? आता सगळे शब्द एकाच उंचीवर येतात, कोरडे.

यावरून एकदा गैरसमज झाला. शेजारच्या कौशल्याबाई आईपाशी बसल्या होत्या. अंधार पडायला आला तशी आई म्हणाली, “जा.” एवढंच. तिला म्हणायचं होतं की त्यांना रात्रीचं दिसत नाही, उजेडात घरी जावं. त्या उठल्या आणि नंतर फिरकल्याच नाहीत. शेवटी मी गेलो. म्हटलं, “वहिनी, ते रागानं नाई बोलली. तिचा सूरच गेला आहे.” त्यांनी मला बसायला पाट दिला. मग म्हणाल्या, “मले का मालूम, भाऊ. मले वाटलं, मी तिले नकोशी झाली.” त्याच संध्याकाळी आल्या, आणि आईचा हात हातात घेऊन बसल्या.

आता तुझ्या फोनबद्दल. शिक्षण सोडून इथं हिंगणीला येते म्हणालीस, तेव्हा आई ऐकत होती. त्या दिवशी ती जेवली नाही. पुढच्या खेपेला वर्ध्यात तिनं तुझा फोटो सरांसमोर ठेवला आणि हातानं ‘नाही, नाही’ करत राहिली. सरांनी विचारत विचारत तिचं म्हणणं काढून घेतलं. तेव्हापासून ती दुपारी अंगणात बसून डाव्या हातानं मांडीवर ठेका धरते आणि गुणगुणत एकेक अक्षर जुळवते. गाण्याच्या वाटेनं गेलं तर कधी मेंदूची उजवी बाजू मदतीला येते म्हणे. मी डोळे मिटून बाजेवर पडलेला असतो. अर्धवट झोपेत ते गुणगुणणं लांबून आल्यासारखं वाटतं, लहानपणी तुला निजवताना यायचं तसं.

रविवारी ती स्वतः तुला फोन करणार आहे. “येऊ नको. शिक.” एवढंच म्हणणार आहे. ती बरी आहे, जंगलाचं शिकायचं तुझं लहानपणापासूनचं मन तिला ठाऊक आहे, ही मधली सगळी वाक्यं गाळावी लागली. तुला ते तुटक वाटेल, कदाचित हाकलून दिल्यासारखं. म्हणून आधीच लिहितो आहे. शब्द अडला तर तू तो पुरवू नकोस, पोरी. फोन कट झाला असं वाटलं तरी ठेवू नकोस. आणि मला विचारशील तर, तू यावंस असं मला फार वाटतं. तुमच्या दोघींच्या आवाजाविना घर मोठं झालंय. पण मला हे सहज बोलता येतं, म्हणून ते तू फार मनावर घेऊ नकोस. रविवारी तिचं ऐक.

तुझी वाट न पाहायला शिकणारा,
तुझाच,
बाबा