मलईरंगी गाडी आणि वन्संचा गुडघा

ती. वन्सं यांना शिगेनोचा वाकून नमस्कार.

इकडे कुरायोशीत नासपतीचा हंगाम सरत आलाय आणि सकाळी अंगणात गेलं की शाल आठवते. सोबत एक पेटी पाठवतेय. वरच्या थरातली आधी संपवा, खालची अजून कच्ची आहेत. तिकडे योनागोला समुद्राचा वारा सुरू झाला असेल, तेव्हा जपून असा. तुमची तब्येत कशी आहे? विशेषतः उजवा गुडघा? (दुखत नसेल तर आनंदच आहे, पण हे पत्र शेवटपर्यंत वाचून होईतो तसं कुणाजवळ बोलू नका.)

पत्रास कारण तुमचे बंधुराज आणि त्यांची गाडी. पाणीखात्यातून निवृत्त झालेली माणसं गळ टाकून बसतात, झाडं छाटतात. यांनी गाडी घेतली. तीही कशी, तर नवी असून जुनी दिसणारी. गोल डोळ्यांची, फुगऱ्या गालांची, कारखान्यातूनच आजीबाई होऊन निघालेली. एवढ्यावर शहाण्या माणसाचं समाधान झालं असतं. यांचं म्हणणं, ती पुरेशी जुनी दिसत नाही! मग वरून मलईचा आणि खालून चहाचा रंग आला, पांढऱ्या कडेची चाकं आली, चकचकीत बंपर आला, आणि दारांवरचे आरसे जाऊन पुढे बॉनेटच्या दोन टोकांना छोटे गोल आरसे आले, आपल्या लहानपणच्या गाड्यांना असायचे तसे. त्यात मागचं जग वाटाण्याएवढं दिसतं. मी शंभरदा सांगितलं की या आरशांनी एक दिवस घात होणार. शेवटी सीटला कापड हवं म्हणून यांनी सासूबाईंच्या रजईची निळी, घरी विणलेली खोळ उसवली. (तुम्हाला हे आजवर सांगितलं नव्हतं. रागवा, पण पत्र फाडू नका.)

दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी आली की आमच्याकडे उलटी वरात निघते. तपासनिसाच्या भुवया वर जातील असं सगळं उतरवायचं, कारखान्याचं मूळ सामान चढवायचं, शिक्का मिळाला की घरी येऊन पुन्हा सगळं उलटं. एरवी ते मूळ सामान गाद्यांच्या कपाटात नांदतं. मागल्या खेपेला तुम्ही विचारलंत ना, रात्री पायाला गार काय लागत होतं म्हणून? तो गादीच्या घडीत अडकून आलेला गाडीचा मागचा दिवा होता.

सत्तरी उलटलेल्या चालकाने गाडीला चार रंगी पाकळ्यांचं ते चिन्ह लावावं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. यांना ते भडक वाटलं, गाडीला शोभत नाही म्हणे. म्हणून यांनी तेच चिन्ह पत्र्यावर कापून मलई आणि चहाच्या रंगात रंगवलं. एका पोलिसाने अडवलं, टोपी काढून आधी तोच वाकला, मग अदबीने विचारलं की हे कुठल्या चहाच्या दुकानाचं निशाण आहे, दुकान लांब आहे का. यांनी खरं काय ते सांगितल्यावर तो पुन्हा वाकला आणि म्हणाला, आजोबा, म्हातारपण असं लपवू नये, लोकांना जपून राहता आलं पाहिजे. यांनी मान डोलावली, पण चिन्हाचा रंग काही बदलला नाही.

आता मुख्य गोष्ट. गेल्या महिन्यात एका रविवारी महामार्गावरच्या बाजाराशेजारी असल्या गाड्यांच्या हौशी मंडळींचा मेळावा होता. आम्ही डबा घेऊन निघालो. आपल्या गल्लीच्या वळणावर, जिथे मुलांचे राखणदार देव जिझोबुवा उभे असतात, तिथे बारीकसा धक्का बसला. मी म्हटलं, दगड असेल. (दगडच होता.) मेळाव्यात आमच्या गाडीभोवती ही गर्दी! मात्सुएचे एक गृहस्थ तर पुढच्या बंपरचेच फोटो काढत होते. एवढा झोकदार लाल पट्टा कुठे मिळाला, असं त्यांनी विचारलं. यांनी तो पट्टा पाहिलाही नव्हता, पण स्तुती कोणाला नको असते? घरचंच आहे, म्हणाले. मी वाकून पाहिलं. ते जिझोबुवांच्या दगडी मूर्तीच्या गळ्यातलं लाळेरं होतं. शेजारच्या कियोएआजी दरवर्षी नवं शिवून घालतात, त्यांची दुहेरी पांढऱ्या दोऱ्याची शिलाई मी झोपेतही ओळखेन.

लाळेरं धुऊन, इस्त्री करून, मिठाईचा खोका घेऊन आम्ही आजींच्या दारात जाऊन वाकलो. मग तिघांनी मिळून कललेल्या जिझोबुवांना सरळ उभं केलं. त्यांना ओरखडाही नव्हता, बंपर मात्र चेपला होता. आजी लाळेऱ्याची गाठ मारता मारता एवढंच म्हणाल्या, "बुवांना राग नाही हो यायचा, यांचं कामच आहे ते. पण सकाळी शाळेच्या गाडीसाठी पोरं इथेच उभी असतात."

परतताना मला राहवेना. मी म्हटलं, मेले ते आरसेच तसले, मी पहिल्यापासून सांगत होते. तेव्हा तुमचे बंधू रस्त्यातच थांबले. "आरशांना बोल लावू नकोस. जिझो पुढे होते, मागे नव्हते. मला ते दिसलेच नाहीत."

वन्सं, इतक्या वर्षांत मी गाडीला नावं ठेवली आणि यांनी गाडीची बाजू घेतली. त्या दिवशी पहिल्यांदा आमची उलटापालट झाली, आणि मला ती मुळीच आवडली नाही.

त्यानंतर यांनी परवाना परत द्यायचं ठरवलं. वाढदिवसाला पोलीस ठाण्यात जाऊन देणार म्हणतात. कुणी भरीला घातलं नाही, स्वतःच ठरवलं. बदल्यात बसची कुपनं मिळतात. बस सकाळी गावातून जाते, एवढं नक्की, ती परत येते की नाही यावर दोन मतं आहेत. गाडी तोवर मूळ रूपात आणून विकायची, म्हणून रोज छपरीत बसून एकेक भाग उतरवतात आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवतात. निळं कापड अजून उसवलेलं नाही. कात्री हातात घेतात आणि चहा मागतात.

मला काय, मी सुटले. गाद्यांचं कपाट मोकळं होईल, छपरीत मुळे वाळत घालता येतील. थंडी वाढतेय, काळजी घ्या. कळावे, लोभ असू द्यावा.

आपली,
शिगेनो

ता. क. वर मी सुटले असं लिहिलंय, ते खोटं आहे. गेल्या महिन्यापासून तुमचा उजवा गुडघा फार दुखतोय, म्हणून दर मंगळवारी मी आगगाडीने योनागोला येऊन तुमचं झाडणं-पुसणं करते. निदान घरी मी तसं सांगितलंय. खरी जाते ती तुमच्या स्टेशनामागच्या मोटार शिकवणीत. वयाने सगळ्यांत थोर विद्यार्थिनी मीच. शिकवणारे म्हणतात, हात स्थिर आहे, नजर चांगली आहे, एकच खोड वाईट: कुणी वाट दिली की मी सुकाणू सोडून दोन्ही हात मांडीवर ठेवून वाकून आभार मानते. आता नुसती मान लववायला शिकतेय. यांना सांगत नाही, कारण मी नापास झाले तर यांच्या हातून गाडी दुसऱ्यांदा जाईल, आणि ते मला बघवणार नाही. तर विनंती एवढीच, की यांचा फोन आला तर दोनदा कण्हा, आणि मी पास होईतो गुडघा दुखता ठेवा.

दुसरा ता. क. पेटीला सुतळी हवी म्हणून आत्ता छपरीत गेले होते. हे झोपलेत. वर्तमानपत्राच्या पुड्या अर्ध्या सोडलेल्या आहेत. बंपर ठोकून सरळ केलाय. दारांवरचे मूळचे मोठे आरसे परत लावलेत, पण मलईरंगात. चालकाच्या सीटवर उरलेल्या निळ्या कापडाची उशी आहे, माझ्या उंचीला लागेल एवढी जाड. आणि फळीवर एक पत्र्याचं चिन्ह वाळत पडलंय, नवशिक्या चालकाचं, हिरव्या-पिवळ्या कोवळ्या पानाचं. सरकारी नियमाप्रमाणे अगदी भडक. मलईचा एक थेंब नाही.

मागल्या मंगळवारी निघताना यांनी तुमच्यासाठी मलम दिलं होतं, ते अजून माझ्या पिशवीतच आहे. वर निरोप होता, "ताईला सांग, घाई नको. वळणावर थांबून पुढे नीट बघ म्हणावं." गुडघेदुखीवर हा कसला उपदेश, म्हणून मी आगगाडीत बसून हसले होते.

तेव्हा वन्सं, गुडघा दुखताच राहू द्या. यांनी मला काही विचारलेलं नाही, आणि मी छपरीत गेलेच नव्हते.