सहा रेझिस्टरचे त्रेपन्न

बाबा, सहा रेझिस्टरचे त्रेपन्नच होतात. आज सकाळी माझ्या मुलीने कॉम्प्युटरवर सिरीज आणि पॅरललच्या सगळ्या जोडण्या तपासल्या आणि तुमचाच आकडा आला. मी ओल्या हातांनीच धावत गेले, तिला पुन्हा करून दाखवायला लावलं. त्रेपन्न!

नव्वदच्या दशकातलं, तिकडे उत्तरेतलं बख्शी का तालाबचं क्वार्टर. तुम्ही एअर फोर्सच्या वर्कशॉपमध्ये रेडिओ दुरुस्त करता, मी दहावीत आहे, आणि अलीगंजच्या माझ्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. सगळे रेझिस्टर सारखेच, हजार-हजार ओहमचे, सगळे वापरायचे, तर वेगवेगळे रेझिस्टन्स किती मिळतात? ओट्यावर मी सोल्डर करून मीटर लावते, तुम्ही कागदावर अपूर्णांक मांडता. चारांचे मी दहा मोजले, तुम्ही नऊ. दोन-दोन सिरीजमध्ये जोडून त्या जोड्या पॅरलल लावा, नाहीतर दोन-दोन पॅरलल करून त्या सिरीजमध्ये लावा, उत्तर एकाच रेझिस्टरइतकं, हे तुमचं म्हणणं. माझ्या मीटरवर मात्र एकदा ९९६ ओहम, एकदा १००३.

"पर मीटर में तो अलग है न, बाबा?"

"रेझिस्टरवरची सोनेरी पट्टी बघ. पाच टक्के इकडेतिकडे चालतं. तुझे दोन कान मोजले तर तेही सारखे भरणार नाहीत. म्हणून काय तू दोन मुली झालीस?"

आई हसली. मला राग आला, पण चारांचं आणि पाचांचं तुमचं मी मानलं. सहांवर अडले. तुमचे त्रेपन्न, माझे चोपन्न. चार्ट माझा होता. मी चोपन्न लिहिले.

प्रदर्शनाला तुम्ही ड्यूटीवरून थेट, युनिफॉर्ममध्ये आलात. चार्टसमोर बराच वेळ उभे राहिलात. परीक्षकांनी हिशोब कोणी केला विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "जी, बेटी ने गिना है." मला दुसरा नंबर मिळाला. घरी येताना स्कूटरवर तुम्ही त्या आकड्याबद्दल एक शब्द काढला नाहीत, पुढेही कधी नाही.

चूक मला प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळीच सापडली होती, बाबा. दोन जोडण्या मी मीटर बघून वेगळ्या धरल्या होत्या. अपूर्णांक मांडल्यावर त्या सारख्याच निघाल्या. शाई वाळली होती, आणि तुमच्यापुढे हरायचं नव्हतं.

मुलगी आता सात रेझिस्टर लावते आहे. मघाशी तिने विचारलं, "मम्मी, त्रेपन्न किसने निकाला था?" मी "आम्ही" म्हणाले. जेवायला बसलो की तिला खरं सांगणार आहे.