वेणीवर लिहिलेलं नाव

आई, कॉम्प्युटरला तू शेवटपर्यंत पेटी म्हणत राहिलीस. त्या पेटीतून मी आपल्या चपला विकते, एवढं तुला ठाऊक होतं. तू गेल्यावर मी त्यातून काय विकलं, ते सांगायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, सांगायचं धाडसच झालं नाही. तू गेलीस त्याला वीस वर्षं झाली आणि अजूनही कुणी 'तुझी ती वेबसाइट काय झाली गं' असं विचारलं की मी विषय बदलते.

बावड्यातल्या आपल्या दारात उजव्या हाताला एक खिळा होता आणि त्याला चपलांचा एक जोड कायम टांगलेला असायचा. तो विकायचा नाही, नमुन्याचा. तळ कापायचं, ठोकायचं काम अण्णांचं; पट्ट्यावरची चामड्याची बारीक वेणी मात्र तुझी. भिजवलेल्या चामड्याच्या दोऱ्यांचं एक टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळून तू विणत बसायचीस, आणि तोंड शेजारणीशी चालूच. गिऱ्हाईक माल न्यायला आलं की खिळ्यावरचा जोड त्याच्या एका हातात द्यायचीस, त्याचा जोड दुसऱ्या हातात, आणि ताडून बघा म्हणायचीस. लोकांना घाई असायची, ते तसेच पिशवीत टाकायला जायचे. तू सोडायची नाहीस. मला तो सगळा प्रकार फार गावंढळ वाटायचा. शहरातल्या दुकानात कुणी असं करतं का, म्हणून मी तुझ्याशी भांडलेही आहे.

मी सातवीत असताना हातकणंगल्याचा एक माणूस आपला जोड न्यायला आला. तू आणि अण्णा मयतीला गेला होता. त्याच्या जोडाची वेणी अर्धीच झालेली. मी मागच्या गल्लीतून चुलतीकडचा त्याच मापाचा जोड आणला आणि हाच तुमचा म्हणून देऊन टाकला. तू आल्यावर मोठ्या तोऱ्यात सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. तू तो अर्धा जोड पुढ्यात ओढलास. दोन दिवस बसून वेणी पुरी केलीस आणि मला घेऊन एसटीत बसलीस. तो माणूस स्टेशनच्या बाजूला राहतो एवढंच माहीत. आपण विचारत विचारत जातोय, तू पुढे, मी मागे. तो दारातच भेटतो. तू म्हणतेस, "माझ्या पोरीनं दुसऱ्याच्या हातची चप्पल आमची म्हणून दिली. ही घ्या आमची." तो म्हणतो, अहो, ती पायात बसलीय की झकास, कशाला एवढ्या लांब आलासा. तू म्हणतेस, "तुमाला चालंल. मला न्हाय चालत." येताना तो परत घेतलेला जोड तू माझ्या मांडीवर ठेवलास आणि बावडा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलीस. तू मारलं असतंस तर बरं झालं असतं.

पुढे मी कॉम्प्युटरचा क्लास केला, अण्णा गेले, आणि मी वेबसाइट काढायचं ठरवलं. फोटोसाठी एक जोड कर म्हणाले तेव्हा तुला धड दिसतही नव्हतं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. तरी बारा दिवस बसून तू वेणी घातलीस, निम्मी बोटांनी चाचपून. पुढे कितीतरी वेण्या बघितल्या, तशी नाही बघितली. मागून आणलेल्या कॅमेऱ्याने अंगणात फोटो काढला, त्यात कडेला तुझा अंगठाही आला. तू विचारलंस, "लोक हातात न घेता, नुसता फोटो बघून मागिवणार?" मी व्हय म्हणाले. "मग फोटोत हाय तेच द्याय पायजे की," म्हणालीस. मी मान हलवली, आणि तो जोड डब्यात घालून ठेवला.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंच नाही. त्याआधीच तू गेलीस. ऑर्डरी मात्र येत राहिल्या. पहिले दोन महिने मी मावशीकडून वेणी घालून घेतली. मग तिचाही हात दुखायला लागला आणि मी एका व्यापाऱ्याकडून तयार माल घ्यायला लागले. त्यावरची वेणी म्हणजे साच्यात दाबलेला ठसा, लांबून तशीच दिसणारी. साइटवर फोटो तुझ्याच जोडाचा राहिला. बदलेन, बदलेन म्हणत होते.

आणि मग तो फोटो चोरीला गेला. दुसऱ्याच एका साइटवर दिसला, कडेच्या तुझ्या अंगठ्यासकट. माझं डोकंच फिरलं. माझ्या आईचा हात कुणी उचलून नेतं म्हणजे काय! फोटो उतरवून घेता येऊ नये म्हणून साइटवर राइट क्लिक बंद करून घेतलं, वर 'फोटो चोरू नका' अशी पाटी. चोरांनी ती वाचलीसुद्धा नसेल. फोटो लहान केला, तरी नेला. कोपऱ्यात दुकानाचं नाव टाकलं, तर कोपरा कापून नेला. तेव्हा क्लासमधल्या सरांनी सांगितलं, नाव असं मधोमध टाक की कापायचं तर चप्पलच कापावी लागेल. मी वेणीवर आडवं पांढरं नाव टाकलं.

तरीही जुना, कोरा फोटो एकाने लावलेलाच होता. त्याचा नंबर काढला. निघाला आपल्याच भागातला, कागलकडचा. मी फोनवर त्याला चोर म्हणाले, आईच्या हाताचा फोटो आहे म्हणाले, रडलेसुद्धा. तो ऐकून घेत होता. मग शांतपणे म्हणाला, "ताई, मी तुमच्याकडनं जोड मागिवलाय, माझ्यासमोर हाय. फोटोत विणलेली वेणी हाय, ह्याच्यावर ठसा हाय. मी चोरला हे खरं. पण तुम्ही तरी ह्यो फोटो कशाला लावलाय?"

मी फोन ठेवला. आठवड्याभरात त्याने फोटो आपल्या साइटवरून काढून टाकला. मीही फोन झाला त्याच दिवशी काढून टाकला, असं मी मावशीला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, मुलीलाही सांगितलं. सगळ्यांना ते पटलं, कारण मी तुझी मुलगी.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. आई, मी तो फोटो साइटवरून काढलाच नाही. फोन ठेवला आणि त्यावरचं नाव आणखी मोठं केलं, खाली वेणी आहे की ठसा हे कुणालाच ताडून बघता येऊ नये एवढं. त्यानंतर दोन वर्षं दुकान चाललं.