सावलीत वाळवलेला पाला

प्रिय ठमे,

आधी एक काम कर. सोमवारी तुमचा जो शोधनिबंध जायचा आहे, तो पाठवू नकोस. हे पत्र शेवटपर्यंत वाच, मग हवं तर माझ्यावर चिडून घे.

परवा तुझा फोन आल्यापासून तुझ्या बाबांचे पाय जमिनीवर नाहीत. प्रयोगशाळेत मधुमेहावरच्या बारा वनस्पती तपासल्या आणि उंदरांची साखर उतरवली ती फक्त आपल्या घरच्या चूर्णाने, हे पोस्टमनपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून झालंय. दातांच्या डॉक्टरला तर त्याची बोटं तोंडात असताना! त्याच वेलीचा पाला तुम्ही स्वतः तोडून वाळवलात तेव्हा काहीच गुण आला नाही, म्हणजे करामत बाबांच्या सावलीत वाळवण्याची, असं तू म्हणालीस ना? तेव्हापासून मला माळ्यावर जायची बंदी आहे. माझ्या चालण्याने म्हणे पाला हलतो. निबंधावर तुझ्या शेजारी त्यांचंही नाव येणार म्हणून जुन्या वहीत सहीचा सराव चाललाय. इतकं गोड दिसतं ते ध्यान, की मला रडूच येतं.

सहा वर्षांपूर्वी त्यांचा पाय भाजला आणि त्यांना कळलंसुद्धा नाही, आठवतं? डॉक्टरीणबाईंनी साखर वाढलीय म्हणून गोळ्या लिहून दिल्या आणि हे हटून बसले. वडिलांनी शिकवलेलं औषध घरात असताना कारखान्यातली गोळी घेणार नाही म्हणजे नाही. मी समजावलं, भांडले, दोन दिवस अबोला धरला. भिंतीशी बोलल्यासारखं. त्यांचा पाय जाईल या भीतीने माझी झोप उडाली होती गं. पाला वाळवतात ते, कुटतात ते, पण पुड्या मी बांधते. तेव्हापासून प्रत्येक पुडीत मी त्यांची गोळी बारीक करून घालत आले. साखर उतरली, ते खूश झाले, मी गप्प बसले.

तू नमुना न्यायला आलीस तेव्हा मी बाजारात होते आणि त्यांनी डब्यातल्या तयार पुड्याच तुला दिल्या. तेव्हाच बोलायला हवं होतं. चार उंदरांवर बघतील आणि सोडून देतील, असं मनाला समजावलं. चुकलंच माझं. तुझा निबंध वाचून उद्या कुणी आपली गोळी बंद केली तर?

हे फोनवर दोन मिनिटांत सांगता आलं असतं. पण चाळीस वर्षांच्या संसारानंतरही ते बाबांच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही, म्हणून लिहितेय. पाकीट न चिकटवता त्यांच्याच हातात देणार आहे. आधी वाचा, मग टपालपेटीत टाका, एवढंच म्हणेन. ते पोचलं नसतं तर रविवारी मी तुला फोन केलाच असता. पण आता हे तुझ्या हातात आहे, म्हणजे त्यांनी सगळं वाचलं आणि तरी स्वतः जाऊन टाकलं. माझ्यावर रागवायला पुष्कळ वेळ आहे. आधी त्यांना फोन कर.

तुझीच,
पुड्या बांधणारी आई